खवट झालंय का बघ रं

सेकंड इयरच्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या रूमच्या खिडकीत ५०० ग्रॅमचा एक डबा होता. तिघांनी वर्गणी काढून आणलेला. बटर परवडत नव्हतं आणि आठच्या लेक्चरच्या आधी मेसमध्ये नाष्टा मिळेलच याची खात्री नव्हती, म्हणून ब्रेडला लावायला स्वस्तातलं काहीतरी. डब्यावर गाय नव्हती, सूर्यफूल होतं. तरी आम्ही त्याला ‘बटर’च म्हणायचो. ते बटर नसून मार्गारिन आहे हे डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं. पण सबमिशनच्या आठवड्यात डब्याची मागची बाजू कोण वाचतं?

सांगलीचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे. आमची खिडकी पश्चिमेची. दुपारी डबा उघडला की आत वरणासारखं पातळ, आणि पहाटे परत घट्ट. असं दोन-अडीच आठवडे चाललं. मग एका सकाळी मिरजेच्या पार्टनरने डबा नाकाशी नेला आणि म्हणाला, "ह्याला ऑइलपेंटचा वास येतोय." जतचा पार्टनर म्हणाला, "काय होतंय लका, वरनं चटणी टाक आणि खा गप." मी वास घेतला. येतोय असंही वाटलं, नाही असंही वाटलं. शेवटी निकालासाठी डबा मेसच्या मावशींकडे नेला. त्यांनी तो नाकापर्यंत नेलाही नाही. झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं. "फेका ते पोरांनो. दिव्यात घालायच्या लायकीचं बी ऱ्हायलं न्हाई."

आम्ही डबा फेकला, ब्रेड चहात बुडवून खाल्ला आणि विषय संपला. माझ्यापुरता तो संपला नाही, कारण त्याच आठवड्यात घरून आज्जीचा फोन आला.

माझं गाव सातारा-कोरेगाव भागातलं. आज्जी म्हणजे आमच्या घरातली लोण्या-तुपाची अखेरची कोर्ट. दूध लागलं का, लोणी आंबलं का, तूप खवट झालं का, शेंगदाण्याला कौट वास येतोय का, सगळं तिच्या नाकावर चालायचं. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती आजारी पडली. बरी झाली, पण वास गेला तो गेला. बऱ्याच जणांचा थोड्या महिन्यांत परत आला, काहींचा नाही आला. आणि वय झालं की नाक तसंही मंद होतं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं. आज्जीने चारचौघांत त्याचं कधी काही बोलून दाखवलं नाही. स्वयंपाक चालूच होता, कढवणं चालूच होतं.

मी सेकंड इयरला असताना दिवाळीत तिने केलेले बेसनाचे लाडू खवट निघाले. तूपच खवट होतं. घरात सगळ्यांना कळलं, कुणी बोललं नाही. मला तर मोठा डबा भरून हॉस्टेलला दिला. तो मी आठ दिवसांनी हॉस्टेलच्या मागच्या उकिरड्यावर, कुणी बघत नाही असं बघून, रिकामा केला. आणि फोनवर सांगितलं, "लई भारी झालेत आज्जे, पोरांनी दोन दिवसात संपवले."

दिवाळीनंतर म्हैस विकली. धाकट्या भावाला चपातीला काहीतरी लावायला लागतं, म्हणून वडील साताऱ्याहून येताना मार्गारिनचा डबा आणायला लागले. एकदा भावाने तोंडात घास घेतला आणि थुंकला. "आज्जे, लाडवासारखंच लागतंय ह्ये बी!" झालं. दिवाळीची गोष्ट एप्रिलमध्ये फुटली. म्हणून तो फोन. ती चिडली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "तू इंजिनेर हुणार न्हवं? मग नाकाबिगर खवट कसं वळकायचं, तेवढं सांग मला."

थर्मोडायनॅमिक्समध्ये कसाबसा सुटलेला माणूस मी. पण या प्रश्नासाठी लायब्ररीत गेलो, केमिस्ट्रीच्या सरांना त्रास दिला, आणि त्यातून जे कळलं ते इथे लिहितो आहे. हॉस्टेलच्या प्रत्येक कपाटात घरच्या तुपाची एक बरणी असते आणि बऱ्याच जणांचं नाक माझ्यासारखंच ‘येतोय पण, नाही पण’ या जातीचं असतं.

आधी मार्गारिन म्हणजे काय ते बघू. १८६९ साली फ्रान्समध्ये मेज-मूरिए नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते पहिल्यांदा केलं. तिसऱ्या नेपोलियनला सैन्यासाठी आणि गरिबांसाठी लोण्याऐवजी चालेल असं, स्वस्त आणि टिकाऊ काहीतरी हवं होतं. पहिलं मार्गारिन गुरांच्या चरबीपासून केलेलं होतं. नाव मात्र सुंदर, मोती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकेलच्या साहाय्याने पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याची युक्ती सापडली. त्यातल्या निकेलवरच्या मूळ संशोधनासाठी साबातिए यांना १९१२ चं नोबेल मिळालं. मग चरबीची गरज उरली नाही, वनस्पती तेलं चालू लागली.

आपल्याकडे हीच युक्ती ‘डालडा’ होऊन आली. १९३० च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि तो पिवळा डबा घरोघर पोचला. आमच्या घरात अजून एक गंजका डबा आहे, त्यात तुळस लावली आहे. डालडा तुपात मिसळून विकण्याचा धंदा इतका वाढला, की वनस्पतीमध्ये किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती सरकारने केली. का? तर संशयित तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवलं, की तिळाचं तेल असेल तर गुलाबी-लाल रंग येतो. बोडुइन टेस्ट म्हणतात तिला. चोराच्या खिशात आधीच घंटी बांधून ठेवायची, असला प्रकार! मला हा नियम फारच आवडला.

पण डालडा आणि मार्गारिन यांत एक फरक आहे आणि टिकण्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. डालड्यात पाणी जवळजवळ नसतं, तुपातही नसतं. मार्गारिनमध्ये मात्र लोण्यासारखंच पाणी असतं. साधारण ८० टक्के तेल-चरबी आणि उरलेल्यात मुख्यतः पाणी, शिवाय मीठ, रंग, अ जीवनसत्त्व, तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं लेसिथिनसारखं द्रव्य, आणि टिकवणारी एक-दोन रसायनं. ‘फॅट स्प्रेड’ लिहिलेल्या डब्यांत तेल आणखी कमी आणि पाणी आणखी जास्त. (म्हणूनच त्यात अंडं तळायला जाऊ नका. आमच्या विंगमध्ये एकाने इंडक्शनवर हा प्रयोग केला आणि अर्धा तास भिंत पुसत बसला.)

हे पाणी इतक्या बारीक थेंबांत वाटलेलं असतं की एका थेंबाचा आकार काही मायक्रॉनचाच. एवढ्याशा थेंबात अडकलेल्या जंतूला ना वाढायला जागा, ना पुरेसं खाणं. कारखान्याने मार्गारिन टिकाऊ केलेलं असतं ते मिठाने आणि रसायनाने जितकं, तितकंच या बारीक थेंबांनी. आता आमच्या खिडकीतला डबा आठवा. दुपारी वितळलं, पहाटे गोठलं, परत वितळलं. दर वेळी थेंब एकमेकांत मिसळून मोठे होत गेले, पृष्ठभागावर पाणी सुटलं आणि जंतूंना, बुरशीला राहायला खोल्या तयार झाल्या. नुसत्या उष्णतेपेक्षा ही रोजची ये-जा वाईट. फ्रीजमधून काढून तास-दोन तास ओट्यावर, परत फ्रीजमध्ये, परत ओट्यावर, हे घरातही होतंच. लागेल तेवढं वाटीत काढून डबा लगेच आत ठेवणं हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

म्हणजे मार्गारिन दोन वाटांनी खराब होतं. एक पाण्याची वाट: बुरशी, जंतू, आंबूस वास. दुसरी तेलाची वाट, म्हणजे खवटपणा. तूप आणि डालडा यांना बहुतेक फक्त दुसरी वाट असते, म्हणून ते फळीवर राहतात. लोणी आणि मार्गारिन यांना दोन्ही, म्हणून त्यांना फ्रीज लागतो.

खवटपणाचं काम चालतं ते असं. तेलाच्या रेणूत कार्बनच्या साखळीवर काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन त्यांच्या शेजारच्या जागेवर चाल करून जातो. एक रेणू बिघडला की तो शेजाऱ्याला बिघडवतो, तो पुढच्याला, म्हणजे साखळी प्रक्रियाच. पहिल्या टप्प्यात पेरॉक्साइड तयार होतात. त्यांना वासही नसतो आणि चवही नसते. पुढे ते तुटतात आणि आल्डिहाइड वगैरे लहान लहान रेणू सुटतात. वास असतो तो यांचा. म्हणजे वास आला तेव्हा खराब व्हायला सुरुवात झाली असं नसतं, सुरुवात कधीच होऊन गेलेली असते.

आणि इथे मिरजेच्या पार्टनरची जाहीर माफी मागायला हवी. जवसाच्या तेलाचा ऑइलपेंट वाळतो तो ह्याच प्रक्रियेने. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि कडक पापुद्रा होतो. मार्गारिनमधल्या सूर्यफुलाच्या किंवा सोयाबीनच्या तेलाने ऑइलपेंटसारखा वास मारला तर तो योगायोग नाही. दुधाच्या चरबीचा खवटपणा वेगळा असतो. लोण्या-तुपात ब्युटिरिक आम्ल बांधलेलं असतं. पाण्यामुळे आणि जंतूंमुळे ते सुटं झालं की उलटीसारखा, आंबट-तिखट वास येतो. मार्गारिनमध्ये दुधाची चरबी नसल्याने तो वास त्याला येत नाही. आपलं नाक लोण्याच्या खवटपणाला सरावलेलं असतं. मार्गारिन रंगासारखं, जुन्या पुट्टीसारखं, मेणाच्या खडूसारखं वासतं आणि आपण म्हणतो, ‘डब्याचा वास असेल.’

या साखळीला घाई कशाने होते? उष्णतेने: ढोबळमानाने दर १० अंशांना वेग दुपटीच्या आसपास. उजेडाने, म्हणून पारदर्शक बरणी खिडकीत नको. हवेने, म्हणून मोठ्या डब्यात तळाशी उरलेलं मार्गारिन भरलेल्या डब्यापेक्षा लवकर जातं. वर सगळी हवाच असते. आणि धातूने. तांबं आणि लोखंड अगदी किंचित जरी उतरलं तरी खवटपणाला जोर चढतो. हे कळल्यावर मी घरी फोन करून विचारलं, आज्जी मार्गारिन कशात ठेवते? उत्तर आलं, पितळेच्या गंजात, पाण्यात बुडवून. कल्हई केव्हाची उडालेली. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त.

पाण्यात बुडवून ठेवणं हा मात्र अडाणीपणा नाही. ताज्या लोण्याचा गोळा पाण्यात ठेवायचा आणि पाणी रोज बदलायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पाण्याने गारवा मिळतो आणि हवा लागत नाही, दोन्ही कारणं पक्की शास्त्रीय. फ्रीज नसेल तर दोन-तीन दिवसांसाठी आजही चालेल. पण ज्या घरात फ्रीज आहे तिथे मार्गारिनला त्याचा स्वतःचा प्लास्टिकचा डबाच बरा.

तो डबा तरी त्याचाच राहतो का, हा वेगळा प्रश्न. आपल्या घरांत बटरचा डबा उघडावा आणि आत सोललेला लसूण निघावा, हा अनुभव सगळ्यांनी घेतलेला आहे. रिकाम्या डब्याचं काहीही करा, पण भरलेल्याचं झाकण घट्ट लावा. तेल आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतं. शेजारी चिरलेला कांदा किंवा सुकट ठेवली, तर दोन दिवसांनी मार्गारिन खराब न होताच खराब लागतं. चमचा कोरडा आणि स्वच्छ हवा. ब्रेडचा चुरा लागलेली सुरी परत डब्यात गेली की बुरशीचं बीच पेरलं. फ्रीजच्या दारात ठेवू नका. दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, हॉस्टेलच्या कॉमन फ्रीजचं तर विचारूच नका. जास्त आणलंच असेल तर थोडं थोडं बांधून फ्रीझरमध्ये काही महिने चांगलं राहतं.

छापील तारखेबद्दल एक गैरसमज आमच्या रूममध्ये पक्का होता. ती तारीख न उघडलेल्या आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या डब्याची असते. सील तुटलं की तिचा भरवसा संपला. उघडल्यावर गारव्यात साधारण महिना-दोन महिने, किंवा डब्यावर लिहिलं असेल तेवढे दिवस, असं धरून चालावं. तेलात ऑक्सिडेशन रोखणारी द्रव्यं घातलेली असतात, ती आपला बळी देऊन तेलाला वाचवतात. ती आहेत तोवर काहीच बदललेलं दिसत नाही. ती संपली की मग भराभर जातं. ‘परवापर्यंत तर चांगलं होतं’ असं लोक म्हणतात ते खरंच असतं.

पूर्वीचं डालडा वर्षभर टिकायचं, मग आताचं का नाही, असं काका-मामा विचारतात. त्याचं कारण असं, की हायड्रोजन घालून दुहेरी बंध कमी केले की ऑक्सिजनला धरायला जागा कमी उरते. पण अर्धवट हायड्रोजन घालताना ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला वाईट हे नंतर सिद्ध झालं. आपल्याकडे तेला-चरबीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ च्या जानेवारीत ३ टक्के आणि २०२२ च्या जानेवारीत २ टक्के झाली. आता पाम तेलासारखी मुळात घट्ट तेलं वापरून काम भागवतात. आणि मऊ, चमच्याने सहज पसरणारं जे मार्गारिन असतं, त्यात पातळ तेलं जास्त. पातळ तेल म्हणजे दुहेरी बंध जास्त, म्हणजे खवट व्हायला सोपं.

आता आज्जीचा प्रश्न. नाकाशिवाय ओळखायचं कसं?

केमिस्ट्रीच्या सरांनी प्रयोगशाळेतली पद्धत दाखवली. तेल द्रावणात विरघळवायचं, पोटॅशियम आयोडाइड घालायचं. पेरॉक्साइड असतील तेवढं आयोडीन सुटतं. मग स्टार्च घालून थायोसल्फेटने टायट्रेशन, निळा रंग जाईपर्यंत. मी मोठ्या उत्साहात हे फोनवर समजावून सांगितलं. आज्जी शांतपणे ऐकून म्हणाली, "मग निळा रंग गेला म्हंजे बरं का वाईट?" त्यातही एक गोम आहे. फार जुन्या तेलात पेरॉक्साइड तुटून गेलेले असतात, त्यामुळे आकडा परत खाली येतो आणि पार खवट झालेलं तेल कागदावर चांगलं दिसू शकतं. तेव्हा हा नाद सोडला.

डोळ्यांनी बरंच कळतं. काळे, हिरवे, पांढरे केसाळ ठिपके म्हणजे बुरशी. तिथे चर्चाच नाही. वरचं खरवडून खालचं खायचं नाही; मऊ पदार्थात बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरेच खाली गेलेले असतात. पूर्ण डबा टाकायचा आणि ‘बघू जरा’ म्हणून वासही घ्यायचा नाही. पृष्ठभागावर पाणी सुटलं असेल, दाणेदार झालं असेल, तर ते वितळून गोठलेलं आहे. लगेच टाकायला नको, पण त्यावर नजर हवी. वरचा थर गडद पिवळा आणि आतलं फिकं असेल, तर वरचं पाणी उडून गेलंय. एवढ्यावर ते विषारी होत नाही, पण झाकण नीट लागत नाही आणि आत हवा जातेय हे कळतं.

मग जीभ. वास गेलेल्या माणसाला गोड, खारट, आंबट, कडू कळतं, आणि झोंबणंही कळतं. बुरशी नसेल तर नखाएवढं जिभेवर ठेवायचं. कडवट लागलं किंवा गिळल्यावर घशाला खवखवलं, तर टाकायचं. ही परीक्षा उशिरा कळणारी आहे, पण काहीच न कळण्यापेक्षा बरी. नखाएवढ्या खवट तेलाने माणूस आजारी पडत नाही. वाटीभर खाल्लं तर पोट बिघडू शकतं, आणि रोज खाल्लं तर जीवनसत्त्वं गेलेलं, बिघडलेलं तेल खातो आपण.

पुराचंही इथेच सांगतो, कारण सांगलीत राहून ते टाळता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ओळखीच्या एका घरातला फ्रीज आडवा होऊन पाण्यात तरंगत होता. आतले डबे झाकणासकट जसेच्या तसे. काकू म्हणाल्या, सील आहे, राहू दे. नाही राहू द्यायचं. पुराचं पाणी लागलेला प्लास्टिकचा डबा, आत पाणी शिरलेलं दिसत नसलं तरी, टाकायचाच.

हे सगळं गोळा करून मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेलो. मार्गारिनचं उत्तर माझ्याकडे होतं. तुपाचं नव्हतं. तुपात पाणी नसतं, मग आज्जीचं तूप दिवाळीत एवढ्या लवकर कसं गेलं? हे कोडं पुस्तकात सुटलं नाही, चुलीपाशी सुटलं. शेजारच्या काकींकडून आणलेलं लोणी तिने कढवायला ठेवलं आणि मी बाजूला बसलो. तडतड चालू होती, फेस होता, आणि तिने पातेलं उतरायला हात घातला.

"आज्जे, इतक्यात?"

"मग कधी? आदी वासावर उतरवायची मी. खमंग सुटला की उतरवायचं. आता अंदाजानं करते."

तेच कारण होतं. लोणी कढवणं म्हणजे त्यातलं पाणी उडवून टाकणं. पाणी आहे तोवर पातेल्यातलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकतं, बुडबुडे येतात, तडतडतं. पाणी संपलं की आवाज बसतो, तापमान वर चढतं, बेरी तांबूस होते आणि तो खमंग वास सुटतो. आज्जी नाकाने ही वेळ पकडायची. नाक गेल्यावर जळू नये म्हणून लवकर उतरवू लागली. तुपात पाणी आणि ताकाचा अंश राहिला, आणि ब्युटिरिक आम्ल सुटं व्हायला दोन महिने पुरेसे झाले. मी म्हटलं, आज्जे, वासाचं राहू दे, कान दे. आम्ही दोघं गप्प बसून ऐकत राहिलो. तडतड कमी झाली, मग एकेक, मग थांबली. बेरी बदामी रंगावर आली होती. तिने विड्याचं पान टाकलं (त्यात ऑक्सिडेशन रोखणारी फिनॉल जातीची द्रव्यं असतात, हे मला नवीन, तिला नाही), आणि उतरवलं.

तेव्हाच मी लाडवांचं सांगून टाकलं. उकिरड्यासकट. पातेल्याकडे बघतच सांगितलं.

"म्हाईत हाय मला," आज्जी म्हणाली. "डबा लई लवकर रिकामा झाला हुता. पोरं कितीबी खादाड असली तरी त्येवढं लाडू दोन दिसात संपत न्हाईत." आणि थोड्या वेळाने, "सांगायचं हुतंस रं. मला वास येत न्हाई, ऐकू येतंय की."

तूप गाळून काचेच्या कोरड्या बरणीत भरलं. मार्गारिनसाठी तीन गोष्टी ठरल्या. वडिलांनी अर्ध्या किलोऐवजी १०० ग्रॅमचाच डबा आणायचा, म्हणजे तो जुना व्हायच्या आत संपतो. दर रविवारी धाकट्या भावाने वास घ्यायचा आणि खरं सांगायचं. आज्जीला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलला तर त्याचं क्रिकेट बंद. आणि तिसरं, डबा उघडला त्या दिवसाची तारीख झाकणावर लिहायची, म्हणजे महिना झाला की कुणाच्याही नाकाला न विचारता टाकता येईल. त्यासाठी मी माझा कायम शाईचा मार्कर आज्जीला देऊन आलो.

पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा फ्रीज उघडून आधी तो डबा बघितला. झाकणावर तिच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी’. महिन्याचं नाव नव्हतं. मी झाकण घेऊन ओट्यापाशी गेलो आणि विचारलं, आज्जे, कुठली चतुर्थी?

"अंगारकी हुती की रं," ती म्हणाली. "तेवढं बी म्हाईत न्हाई व्हय तुला?"